कृष्णेचा पूर आणि सरकारी खाती: सांगली जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की नदीकाठच्या गावांतून आणि सांगली शहरातल्या सखल भागांतून आमच्याकडे तेच तेच प्रश्न यायला लागतात. फोन कोणाला करायचा, बोट कोण पाठवणार, पंचनाम्याला तलाठी आलाच नाही तर काय करायचं. इथे ते एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आणि पुढे अडचणीचे, असा साधारण क्रम आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आपत्ती व्यवस्थापनाचं ऑफिस म्हणजे नक्की कुठलं? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य, त्याशिवाय आणखी काही अधिकारी. रोजचं काम निवासी उपजिल्हाधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बघतात. नियंत्रण कक्ष विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे.

गोंधळ होतो तो पुढे. या प्राधिकरणाकडे स्वतःचे जेसीबी, अँब्युलन्स किंवा लाइनमन नसतात. ते सगळं त्या त्या खात्याचं. प्राधिकरणाकडे असतो तो हुकूम देण्याचा अधिकार. त्यामुळे "आमच्याकडे बोट नाही" असं नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो. बोट ज्याच्याकडे आहे त्याला कामाला लावणं हे मात्र त्याचंच काम आहे, आणि तुम्ही आग्रह धरायचा तो एवढ्याचा.

२. पाणी वाढायला लागलं. पहिला फोन कोणाला?

गावात असाल तर पोलीस पाटील, ग्रामसेवक किंवा तलाठी, जो आधी उचलेल त्याला. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात अजून जुनीच नावं चालतात, इथेही तीच वापरली आहेत.) शहरात असाल तर महापालिकेचं अग्निशमन, १०१. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, तो पावसाळ्यात रात्रंदिवस सुरू असतो. जिवावर बेतलं असेल तर सरळ ११२. अँब्युलन्स १०८.

फोनवर पहिल्या वाक्यातच तालुका, गाव आणि वस्ती सांगा. "दिग्रजमध्ये अडकलोय" एवढ्याने भागत नाही. कसबे दिग्रज वेगळं, मौजे दिग्रज वेगळं. मग माणसं किती, त्यांत म्हातारी-आजारी-गरोदर किती, आणि पाणी कुठवर आलंय ते सांगा: उंबऱ्याला, कमरेला की पत्र्याला. शेवटी, फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ विचारून लिहून ठेवा. याचा उपयोग प्रश्न ६ मध्ये कळेल.

३. आयर्विन पुलाची ४० आणि ४५ फुटांची भानगड काय आहे?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ च्या जुलैमध्ये सुमारे ५५ फुटांवर.

पण ४० फूट होईपर्यंत काही होत नाही, असं समजू नका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडचं दत्तनगर या भागांत पाणी त्याच्या बरंच आधी शिरतं. तिथल्या जुन्या माणसांना कुठल्या फुटाला कोणाच्या दारात पाणी येतं ते तोंडपाठ असतं. नव्याने भाड्याने राहायला आलेल्यांना नसतं, आणि अडकतात बहुतेक तेच. घर घेतलं किंवा भाड्याने घेतलं की शेजाऱ्याला एवढं एक विचारून ठेवा.

दुसरं असं, की आयर्विनचा आकडा भिलवडीकरांच्या कामाचा नाही. रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली आणि म्हैसाळ इथले आकडे वेगवेगळे येतात. आपल्या वरच्या अंगाचा आकडा बघायचा. भिलवडीच्या माणसाने बहे आणि ताकारी, सांगलीकराने भिलवडी.

४. सांगलीत ऊन पडलंय, मग पूर कसा काय येतो?

कारण सांगलीचा पूर सांगलीच्या पावसावर ठरत नाही. तो ठरतो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर आणि चांदोलीच्या पावसावर. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात सांगली जिल्ह्याचा रंग पिवळा असला तरी साताऱ्याच्या घाटमाथ्याचा रंग कोणता आहे ते आधी बघा. ऑरेंज म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंतच्या पावसाची शक्यता, रेड म्हणजे त्याच्याही वर. घाटमाथ्यावर लागोपाठ दोन दिवस रेड असेल तर जत-आटपाडीत धुरळा उडत असला तरी मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांनी सावध व्हायचं.

५. कोयनेतून अमुक इतके क्युसेक सोडले, हे वाचून आम्ही काय समजायचं? आणि पाणी सोडायचं ठरवतं कोण?

ठरवतो जलसंपदा विभाग. धरणाचे अभियंते पाणीसाठा, येणारी आवक आणि पावसाचा अंदाज बघून विसर्ग ठरवतात आणि सातारा-सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवतात. तिथून निरोप तहसीलदार, तलाठी आणि पोलीस पाटलांपर्यंत जातो. धरण जलसंपदाचं आणि पुरात अडकणारी माणसं महसूलच्या ताब्यातली. या दोघांतला निरोप जितका लवकर जाईल तितकं गाव लवकर हलतं.

आकड्याचा हिशेब सोपा आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण एक दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४० टीएमसी. पायथा वीजगृहातून सुटतं ते साधारण २,१०० क्युसेक. त्याने पूर येत नाही. सहा वक्र दरवाजे फुटाफुटाने उचलायला लागले की मात्र रोजचा आकडा बघायचा.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे धरणाच्या खाली पडणारा पाऊस. कोयनेचे दरवाजे बंद असले तरी पाटण-कराडच्या ओढ्यांचं पाणी कृष्णेला येतच असतं, त्याला कुठलाही दरवाजा नाही. शिवाय हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, तिथेही तेच. त्यामुळे "कोयना बंद केली तरी पाणी का वाढतंय" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हरिपूरच्या संगमावर सापडतं.

६. समन्वय समन्वय म्हणतात, तो प्रत्यक्षात अडतो कुठे?

आमच्या अनुभवात खातं आपल्या स्वतःच्या कामात फारसं कमी पडत नाही. अडतं ते दोन खात्यांच्या मध्ये. दोन शेतांच्या बांधावरचं गवत दोन्हीकडचे एकमेकांवर सोडतात, तसं.

एक उदाहरण घ्या. ओढ्यावरच्या पुलावरून पाणी गेलं. पूल सार्वजनिक बांधकामचा, पुढचा रस्ता जिल्हा परिषदेचा. वाहतूक अडवायची पोलिसांनी, पण पाणी वाढलंय हे आधी कळतं तलाठ्याला. पलीकडे गरोदर बाई आहे, ती आरोग्य खात्याच्या यादीत. आणि पलीकडच्या बाजूचा खांब वाकलाय, तो महावितरणचा. सहा खाती झाली, आणि प्रत्येकाला वाटतं बाकीच्या पाचांनी कळवलं असेल.

अशा वेळी सगळे तहसीलदारांकडे जोडलेले हवेत. तालुक्याच्या पातळीवर पुराच्या काळात तहसीलदारच मुख्य. तुमची तक्रार कुठल्याही खात्याची असली तरी तहसील कार्यालयाच्या किंवा १०७७ च्या नोंदवहीत ती गेलीच पाहिजे. वहीत वेळेसकट नोंद झाली की ती कोणाच्या तरी नावावर पडते. फोनवर नुसतं "बघतो" म्हणून सोडलं की ती कोणाच्याच नावावर नसते. प्रश्न २ मध्ये नाव आणि वेळ लिहून घ्या म्हटलं ते यासाठी.

७. पाण्याखालचा रस्ता बंद करायचा आणि परत सुरू करायचा, हे कोण ठरवतं?

बंद करायला उशीर नको, म्हणून कोणीही जबाबदार माणूस आधी बॅरिकेड लावू शकतो आणि मागून पोलीस व तहसीलदारांना कळवू शकतो. गावच्या पोरांनी आडवी बांबूची काठी लावली तरी चालते, फक्त शेजारी कोणीतरी उभं राहायला हवं. सुरू करताना मात्र ज्या खात्याचा रस्ता किंवा पूल आहे त्याच्या अभियंत्याने बघून सांगायला हवं. पाणी उतरलं म्हणजे पूल शाबूत आहे असं नाही. खालचा भराव वाहून गेलेला असतो आणि वरचं डांबर तसंच दिसत असतं.

८. एनडीआरएफला (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला) आम्ही सरळ बोलावू शकतो का? आमदारांनी फोन केला तर?

नाही. जिल्हाधिकारी मागणी करतात, ती राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाकडे म्हणजे मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून पथक निघतं. आपल्याकडे येतात ती पथकं पुण्याजवळच्या पाचव्या बटालियनची. लष्कर, नौदल यांनाही जिल्हा प्रशासनाच्या मागणीनंतरच बोलावतात. २०१९ ला ही सगळी दलं इथे उतरली होती. आमदार-खासदारांच्या फोनने घाई होते, हे खरं. पण पथक कुठल्या गावाला जाणार ते जिल्हाधिकारीच ठरवतात.

पथक गावात आलं की दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुठल्या वस्तीत आधी जायचं हे स्थानिक प्रशासन सांगतं, पण बोट पाण्यात घालायची की नाही हे पथकाचा प्रमुख ठरवतो. तो अंधार पडल्यावर नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्यापेक्षा पाण्याखालची विहीर, तारेचं कुंपण, विजेची तार कुठे आहे हे माहीत असलेला गावातला एक माणूस त्यांच्या बोटीत बसवा.

९. ग्रामपंचायतीची बोट आहे. ती वापरायची कोणी आणि कशी?

या उत्तराला जरा वेळ द्या. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या दिवशी गावाला पाण्याचा वेढा होता आणि जो तो बाहेर पडायला धडपडत होता. त्या घाईत कोणाला दोष देणं सोपं आहे, पण घाई होणारच हे धरूनच तयारी करायची असते.

बोट ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे. जूनच्या आधी ती पाण्यात उतरवून बघा. गोडाऊनमध्ये झाकून ठेवलेली बोट चालू आहे, असं कागदावर लिहू नका. इंजिनाची दोरी प्रत्येकाने एकदा ओढून बघा, कारण ती कशी ओढायची हे गावात एकालाच येत असेल तर तो नेमका त्या दिवशी पलीकडच्या काठावर असतो. गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर काढून टाका. लाइफ जॅकेट नुसती मोजू नका, अंगावर चढवून पट्टा आवळा. उंदरांनी कुरतडलेला पट्टा आणि तुटलेलं बकल तेव्हाच कळतं. बोटीत किती माणसं बसणार तो आकडा बाहेरून मोठ्या अक्षरात रंगवा आणि किनाऱ्यावर मोजायला एक जण उभा करा, शक्यतो असा की ज्याचं गाव ऐकतं. चालवणाऱ्याला चढणाऱ्यांना नाही म्हणायला लावू नका, त्याला ते जमत नाही. पहिल्या फेरीत लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी. सामान कोणत्याच फेरीत नको. जॅकेट नाही तर बोटीत पाय नाही, मग तो सरपंच असो.

१०. घर सोडायची नोटीस आली. सोडलं नाही तर?

पुराच्या काळात लोकांना हलवणं, एखाद्या भागात जाण्या-येण्यावर बंदी घालणं हे अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरणाला आहेत. आदेश मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात पोलीस आणि तलाठी आधी हात जोडतात, ते बरंच आहे. पण लोक हट्ट धरून बसतात तो बहुतेक वेळा घरासाठी नसतो, गोठ्यासाठी असतो. म्हणून पुढचा प्रश्न वाचा.

११. जनावरांचं काय? त्यांना सोडून कसं जायचं?

सोडून जायचं नाही, आधी हलवायचं. माणसांच्या आधी. पाणी अजून शेतात असतानाच गाई-म्हशी उंचावरच्या गावात किंवा पाहुण्यांकडे पाठवल्या की मग माणसं रात्री अर्ध्या तासात निघू शकतात. गावाच्या आराखड्यात माणसांच्या छावणीची जागा लिहिलेली असते. जनावरांसाठी कोणतं मैदान, चारा कोण देणार आणि पाणी कुठून, हे पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत पशुधन विकास अधिकाऱ्याला बोलावून विचारा. आजारी जनावरासाठी १९६२ वर फोन लागतो.

कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाणी एकदम आलं आणि हलवणं जमलंच नाही तर दावी कापा. बांधलेलं जनावर वाचत नाही. वाहून गेलं तर त्याच दिवशी पोलीस पाटील किंवा तलाठ्याकडे नोंद करा, आठवड्याने केलेल्या नोंदीवर पंचनाम्यात वाद होतो.

१२. पाणी यायच्या आधीच लाइट घालवतात. हा काय प्रकार?

मुद्दाम घालवतात, आणि बरोबर करतात. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) पाण्याखाली जाण्याआधी महावितरण त्या भागाचा पुरवठा तोडतं. त्यामुळे मोबाइल आधी चार्ज करा आणि पाण्याची टाकी भरून घ्या. पूर ओसरल्यावर स्वतः मेन स्विच चालू करू नका. भिंतीतली ओल आठवडाभर जात नाही. तक्रारीसाठी १९१२.

१३. घरात, अंगणात मगर दिसली तर?

बाहेरगावच्या लोकांना हा प्रश्न गमतीचा वाटतो, भिलवडी-औदुंबरच्या माणसाला वाटत नाही. कृष्णेत मगरी आहेत आणि पुरात त्या शेतात, ओढ्यात, कधी वस्तीतही येतात. हे काम वन विभागाचं, त्यांचा नंबर १९२६. लोकांना लांब ठेवा, दगड मारू नका आणि व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. पूर उतरताना तिच्यामागे गर्दी झाली की नदीकडची तिची वाट बंद होते. सापांचंही तसंच. पाणी गेल्यावर घर उघडताना आधी काठीने कोपरे ठोकून घ्या.

१४. अलमट्टीमुळे पूर येतो ना? मग आपले जिल्हाधिकारी कर्नाटकाला का सांगत नाहीत?

अलमट्टी हे कृष्णेवरचंच, आपल्या खालच्या अंगाचं धरण, पण ते कर्नाटकात आहे, पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर. जिल्हाधिकारी दुसऱ्या राज्याच्या धरणाला आदेश देऊ शकत नाहीत. दोन्ही राज्यांच्या जलसंपदा विभागांचे अभियंते एकमेकांना पातळी आणि विसर्ग कळवतात, वाद मिटला नाही तर तो दोन सरकारांच्या पातळीवर जातो, आणि केंद्रीय जल आयोगाचंही लक्ष असतं.

अलमट्टीने पूर येतो का, यावर एकमत नाही. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने सांगली-कोल्हापूरच्या पुराचं मुख्य कारण अलमट्टी नाही, असं म्हटलं. इथल्या बऱ्याच पूरग्रस्तांना आणि कृती समित्यांना ते मान्य नाही, आणि उंची वाढवण्याचा विषय निघाला की वाद पेटतो. आमचं म्हणणं एवढंच, की तो वाद उन्हाळ्यात घालावा. पुराच्या रात्री अलमट्टीची आवक आणि जावक यांतला फरक बघा. जावक आवकेपेक्षा बरीच कमी असेल तर साठा वाढतोय, आणि हा मुद्दा लोकप्रतिनिधींनी त्याच वेळी वर पोचवायला हवा.

१५. पंचनामा कोण करतं? तलाठी एकटा आला तर चालतो का?

शेतीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून करायचा असतो. घराचा पंचनामा गावात महसूल आणि ग्रामपंचायतीचे लोक करतात, शहरात महापालिका आणि महसूल यांची पथकं. जनावर मेलं असेल तर पशुवैद्यक हवा. तिघांची सही नसेल तर पुढे "कृषीचा अहवाल वेगळा आहे" म्हणून अडतं, तेव्हा सह्या बघून घ्या.

पाणी उतरल्या उतरल्या घर धुवायची घाई होते, ती समजते. पण आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा. दारात उभं राहून, घर नंबर दिसेल असे.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत मिळते: जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. मर्यादा दोन हेक्टर. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. दुधाळ जनावराला ३७,५००. मृताच्या वारसाला ४ लाख. राज्य सरकार कधी कधी स्वतःच्या निर्णयाने यात भर घालतं, तो शासन निर्णय त्या त्या वेळी वाचायचा. पैसे थेट खात्यात येतात, त्यासाठी यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी करावी लागते. यादीत नाव असून पैसे आले नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी हे झालंय का ते बघावं.

१६. आम्ही भाडेकरू आहोत. आम्हाला काहीच नाही का?

घर पडल्याची मदत मालकाला. कपडे-भांड्यांची मदत मात्र तिथे राहणाऱ्या कुटुंबाला, म्हणजे तुम्हाला. मालक "माझ्या नावावर लिहा" म्हणाला तर पथकाला भाडेकरार, गॅसचं पुस्तक किंवा त्या पत्त्यावरचं रेशन कार्ड दाखवा. एका घरात दोन चुली असतील तर दोन कुटुंबं वेगळी लिहून घ्या, आणि ते पंचनाम्याच्या वेळीच करा.

१७. दुकानात पाणी शिरलं. माल गेला.

केंद्राच्या निकषांत दुकानाच्या मालाला जागा नाही. राज्य सरकार वेगळा निर्णय घेतं तेव्हाच मदत मिळते. २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त १० हजार असा निर्णय झाला होता. पुढच्या पुरात तसाच होईल असं धरू नका. गणपती पेठ, मारुती चौक या भागातल्या व्यापाऱ्यांनी विमा काढताना पॉलिसीत पूर आहे की नाही ते मोठ्याने वाचून घ्यावं.

१८. मंगल कार्यालय, ट्रॅक्टर, खासगी बोट सरकार घेऊ शकतं का? भाडं मिळतं का?

हो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी जागा आणि वाहनं ताब्यात घेता येतात, आणि कलम ६६ मध्ये मोबदल्याची तरतूद आहे. पण मोबदल्यासाठी कागद लागतो. तोंडी सांगण्यावर ट्रॅक्टर दिला, हे माणुसकीला धरून झालं, फक्त त्याच रात्री तलाठ्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या: तारीख, किती वाजता घेतला, किती वाजता परत, डिझेल कोणाचं. ज्यांनी चिठ्ठी घेतली नाही त्यांची बिलं वर्ष वर्ष फिरतात.

१९. पुण्या-मुंबईहून मंडळं मदत घेऊन येतात. त्यांनी कुठे जायचं?

आधी नियंत्रण कक्षात किंवा तहसीलमध्ये नोंद करावी आणि कुठलं गाव उरलंय ते विचारावं. एरवी हमरस्त्यालगतच्या गावांत बिस्किटांचे डोंगर होतात आणि आतल्या वाड्यांत पाण्याची बाटली पोचत नाही. जुने कपडे आणू नका, ते रस्त्याकडेला पडून कुजतात. खराटे, फिनेल, टॉर्च, सॅनिटरी पॅड आणि जनावरांसाठी पेंड आणा. पाण्यात उतरण्याचं काम प्रशिक्षित लोकांनाच करू द्या, आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली पोरं त्यासाठीच असतात.

२०. "धरणाला तडा गेला" असा मेसेज फिरतोय. खरं की खोटं कसं ओळखायचं?

१९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनानगरला भूकंप झाला तेव्हापासून ही आवई दर काही वर्षांनी उठते. खरी सूचना जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, तारीख आणि वेळ घालून, जिल्हा माहिती कार्यालयामार्फत येते. मोबाइलवर सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' ॲप ठेवा, विजांसाठी 'दामिनी'. खोटी धोक्याची सूचना पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. खोटं सांगून मदत घेतली तर कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

२१. आमच्या जतमध्ये पूर कसला, टँकर हवेत. आमचं आपत्ती व्यवस्थापन वेगळं आहे का?

प्राधिकरण तेच. मिरजेत बोटी फिरत असताना जतच्या पूर्व भागात टँकर सुरू असतात, हे या जिल्ह्याने पाहिलंय. टँकरसाठी ग्रामपंचायतीची मागणी, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची पाहणी, मग मंजुरी असा रस्ता आहे. गावातल्या विहिरी-बोअरची खरी स्थिती पाहणीच्या वेळी दाखवा. पुराचं वाहून जाणारं पाणी म्हैसाळ, टेंभू आणि ताकारी या उपसा योजनांतून दुष्काळी भागाकडे उचलायची मागणी जुनी आहे. त्यात दरवेळी पहिला प्रश्न निघतो विजेच्या बिलाचा. तो जुलैच्या आधी सुटला तरच पंप वेळेवर सुरू होतात.

२२. आमचं गाव वारणेच्या काठी. पलीकडे कोल्हापूर जिल्हा. तिकडची बोट जवळ आहे, मागवता येईल का? आणि आम्ही तिकडच्या छावणीत गेलो तर मदत बुडेल का?

बोट मागवा, जी जवळ असेल ती. १०७७ वर सांगताना पलीकडचा जिल्हाही सांगा, म्हणजे दोन्ही नियंत्रण कक्ष एकमेकांशी बोलतील. जीव वाचवताना जिल्ह्याची हद्द कोणी बघत नाही, बघूही नये. मदत बुडत नाही. पंचनामा घर आणि शेत जिथे आहे तिथेच होतो, तुम्ही रात्री कुठे झोपलात यावर तो अवलंबून नाही. फक्त पलीकडच्या छावणीच्या हजेरीपटात सगळ्या कुटुंबाची नावं आधारप्रमाणे लिहून घ्या आणि आपल्या तलाठ्याला फोन करून तिकडे असल्याचं कळवा. पथक आलं आणि घराला कुलूप दिसलं तर शेजाऱ्याने काय सांगायचं, तेही निघतानाच ठरवून ठेवा.